तांबट आळीतली धाकटी

कसब्यात राहणाऱ्या माणसाला तांबट आळीची ठोकठोक ऐकू येत नाही. ती बंद पडली की मगच कान टवकारतात. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत हंडे, घंगाळी आणि तपेली बडवणारी ती आळी त्या दिवशी भर दुपारी गप्प होती. मी तांदूळ निवडत बसले होते. सूप खाली ठेवलं आणि आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं.

ह्यांचं नाव घ्यायचं तर उखाणा जुळवावा लागेल आणि आत्ता तेवढा वेळ नाही. गाव त्यांना दिगंबरबुवा म्हणतं. कसब्यातल्या गणपतीच्या देवळात ते दुपारी पुराण सांगतात. कितीही अवघड गोष्ट असो, बुवांच्या तोंडून ती सोपी होऊन बाहेर पडते अशी त्यांची ख्याती. घरात साधी गोष्टही अवघड करून सांगतात, हे गावाला ठाऊक नाही.

"तांबट आळी गप्प आहे," मी म्हटलं.

"काहीतरी सण असेल," हे पोथीतून मान वर न करता म्हणाले.

"सण असता तर दक्षिणेला तुम्ही आधी पोचला असतात."

तेवढ्यात अय्युबमियां अंगणात आले. धापा टाकत होते, डोक्याचा रुमाल हातात. हा माणूस एरवी कधी घाईत दिसायचा नाही.

"बुवा, भैरू तांबटानं दार लावून घेतलंय. दाराला लिंब बांधलाय. मला आत घेत नाहीत."

हे ताडकन उठले. सून वासंती आतून पोराला घेऊन आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. आम्हा चौघांनाही कळलं होतं की आज आठवा दिवस आहे.

नीट सांगते, नाहीतर कुणाला काही उमगायचं नाही. अय्युबमियां संगमावरच्या इंग्रजांच्या बंगल्यात डॉक्टरच्या हाताखाली शिकलेले. तिथे विलायतेतून एक नवी विद्या आली होती. गाईच्या आचळावर कधी कधी फोड येतात. त्यातली लस मुलाच्या दंडात टोचली की तेवढ्या जागी फोड येतो, बाकी अंग कोरं राहतं, आणि मग त्या मुलाला देवीचा रोग धरत नाही. ही लस मुंबईहून घाट चढून आली ती मुलांच्या दंडांतून. एका मुलाचा फोड आठव्या दिवशी नितळ भरतो, तेव्हाच त्यातली लस दुसऱ्या मुलाला द्यायची. नंतर ती गढूळ होते, कामाची राहत नाही. साखळी एकदा तुटली की पुन्हा मुंबईकडे तोंड करून बसायचं.

मागच्या आठवड्यात अय्युबमियांनी तीन मुलांना टोचलं होतं. एकानं झोपेत फोड खाजवून फोडला. दुसऱ्याला त्याचा मामा घाबरून वाघोलीला घेऊन गेला. उरली भैरू तांबटाची कुसुम. आमच्या नातवाला, अनंताला, त्या दिवशी दात येण्याचा ताप होता, म्हणून अय्युबमियांनी त्याला हात लावला नाही. पुढच्या खेपेला घेऊ म्हणाले होते.

आणि मध्ये देवी आली. हडपसरची एक माळीण भाजी घेऊन यायची, तिच्या पोरासकट ती कुंभारवेशीजवळ बहिणीकडे उतरली, आणि पोराचं अंग फुललं. कुंभारवेस आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. माझ्या तोंडावर देवीनं नक्षी काढून ठेवली आहे, ती लहानपणीची. माझी दोन मुलं तिनंच नेली. तिसरा वाचला, तो सध्या नाशकात आहे, आणि अनंत त्याचा. अजून रांगतही नाही. मला त्या दुपारी भीती वाटत होती. निवडलेल्या तांदळात मी खडे परत टाकले असतील तर नवल नाही.

"चला," हे म्हणाले. "माझं ऐकेल भैरू."

"तुमचं ऐकलं म्हणूनच दार लावलंय त्यानं," मी म्हटलं.

ह्यांना ते झोंबलं, पण खरं होतं. अय्युबमियांना सुरुवातीला कुणी दारात उभं करत नसे. सुई घेऊन आलेला परका माणूस, त्यात संगमावरच्या साहेबाचा. त्यांनी ह्यांना गळ घातली की बुवा, तुम्ही सांगा, तुमच्या तोंडचं लोक ऐकतात. ह्यांनी स्वतः जाऊन सगळं पाहिलं, शंका विचारल्या, रात्ररात्र तळमळले की हे बायकांना सांगावं कसं. मग एक दिवस पुराणात सांगून टाकलं. देवी दोघी बहिणी आहेत. थोरली माणसाकडे येते, धाकटी गाईच्या आचळी राहते. ज्या अंगात धाकटी एकदा पाहुणी म्हणून राहून गेली, तिथे थोरली पुन्हा पाऊल ठेवत नाही, बहिणीचा मान राखते. सगळ्या मंडपानं माना डोलावल्या. दुसऱ्याच दिवशी भैरूची बायको सरुबाई लेकीला घेऊन पुढे आली. हे घरी आले तेव्हा जमिनीला पाय लागत नव्हते.

आता देवी घरात आली म्हणजे काय काय करायचं, ते पुण्यातल्या कुठल्या बाईला शिकवावं लागतं? दाराला कडुलिंब. फोडणी बंद, वेणीफणी बंद, परक्याला उंबरा बंद. मोठा आवाज करायचा नाही, देवीला त्रास होतो. आणि सुई? पाहुण्या आलेल्या देवीला सुईनं टोचून तिच्यातलं काही काढून न्यायचं? हे कुठल्या शहाण्याच्या डोक्यात येईल? सरुबाईनं ह्यांचं बोलणं मनापासून ऐकलं होतं. न ऐकणारी असती तर बरं झालं असतं.

आम्ही निघालो. पोराला पदराखाली घेऊन वासंतीही आली, तिला थांबवायची माझी हिंमत झाली नाही. ऊन उतरायला लागलं होतं. अय्युबमियां वारंवार वर पाहत होते. दिव्याच्या उजेडात हे काम होत नाही, नितळ आणि गढूळ यातला फरक दिसत नाही, असं ते म्हणाले.

तांबट आळीत शिरलो तर अंगावर काटा आला. भट्ट्या विझलेल्या. अर्धे घडवलेले हंडे ओट्याओट्यावर पालथे पडलेले. माणसं होती, पण सगळी कुजबुजत होती. भैरूच्या दाराशी आळीतल्या सात-आठ बायका बसल्या होत्या. ह्यांना पाहून भैरूनं दार उघडलं, पण तो उंबऱ्याच्या आतच हात जोडून उभा राहिला. एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज लहान मुलासारखा काढत होता.

"बुवा, आपण आलात, फार बरं झालं. धाकटी आली. दंडावर मोत्यासारखी बसलीय. आपण सांगितलं तसं सगळं पाळतोय. आळीनं हातोडा उचललेला नाही."

"भैरू, अय्युबमियांना आत जाऊ दे."

"आत्ता नाही, बुवा. ती आपणहून जाईल तेव्हा. देवीला टोचल्यावर ती कोपणार नाही का? आपणच सांगा."

मागून सरुबाई आली. केस मोकळे, डोळे जागरणानं लाल. ती ह्यांच्याकडे ज्या विश्वासानं बघत होती, त्याची मला त्या क्षणी भीतीच वाटली.

हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "सोपं आहे. धाकटीला पुढच्या घरी जायचंय म्हणून सांगतो. ओटी भरा, निरोप द्या, आणि सुई ही तिची पालखी. लगेच ऐकतील."

"ऐकतील," मी म्हटलं. "तीच तर भीती आहे."

पण ह्यांची गोष्ट एकदा ओठावर आली की माघारी फिरत नाही. ते ओट्यावर चढले, उपरणं सावरलं आणि पुराणाच्या आवाजात सुरू झाले. पाहुणी किती दिवस राहील, तिला पुढची घरं आहेत, या मुलाच्या दंडातून त्या मुलाच्या दंडात तिला सन्मानानं न्यायला हवं. बायका सरसावून बसल्या. सरुबाईचा हात नकळत कडीवरून खाली आला. मला वाटलं, चला, जमलं.

मग एक म्हातारी उठली. तिचा नातू तिच्या कडेवर होता.

"बुवा, धाकटीला असं नेता येतं, तर थोरलीलाही नेता येत असेल," ती म्हणाली. "धाकटी एकच आहे, आमची पोरं पंधरा. कुंभारवेशीला थोरली आलीय ना, त्या पोराच्या अंगावर ढीगभर फोड आहेत. मी सुईनं आणते थोडं. ओटी भरून, मान देऊनच आणते. थोरली स्वतः घरी आली तर आणखी चांगलं, नाही का?"

दोन-तीन बायकांनी मान डोलावली. एकीनं विचारलं, सुई कुठली घ्यायची, तांब्याची चालेल का, घरातच आहे.

अय्युबमियां पांढरे पडले. कुंभारवेशीच्या पोराचा पू या आळीतल्या लेकरांच्या दंडात गेला असता, तर त्यातली कितीतरी मेली असती आणि बाकीच्यांनी ती देवी साऱ्या कसब्यात पसरवली असती. आणि म्हातारीनं चूक काय केली होती? जे ऐकलं त्याच्या पुढचं पाऊल टाकलं होतं. ह्यांनी रस्ता दाखवला होता, ती त्या रस्त्यानं सरळ चालली होती.

हे ओट्यावरून खाली उतरले. उपरणं खांद्यावरून काढून त्यांनी हातात घेतलं. इतक्या वर्षांत त्यांना शब्द सापडत नाहीत असं मी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला त्या माणसाची दया आली.

"आजी, कुंभारवेशीला जाऊ नका," ते म्हणाले. "कुणीच जाऊ नका. तिथल्या फोडात मरण आहे. आणि ऐका. धाकटी, थोरली, बहिणी, हे मी रचलं. तुम्हाला पटकन पटावं म्हणून रचलं. कुसुमच्या दंडावर देवी नाही. तो गाईचा रोग आहे."

भैरूचे जोडलेले हात सुटले.

"रोग?" सरुबाई म्हणाली. आवाज चढला नाही तिचा, उलट उतरला. "म्हणजे माझ्या लेकीला आपण रोग दिलात? आणि मी तिला हळदकुंकू वाहत बसले?"

"हो."

"का?"

"हलका रोग आहे. तो होऊन गेला की देवीचा रोग होत नाही."

"का होत नाही?"

भैरूनं आपला तळहात पाहिला, हातोड्याच्या दांड्यानं कातड्यासारखा झालेला.

"घट्टा पडतो तसं का, बुवा?" त्यानं हळूच विचारलं. "आधी बारका फोड येतो, मग कातडी जाड होते, मग काही होत नाही."

एरवी असा दाखला हाती आला असता तर ह्यांनी त्यावर चातुर्मासभर पुराण सांगितलं असतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मोह दिसत होता.

"तसं असेल," ते म्हणाले. "नसेलही. मला ठाऊक नाही, भैरू. संगमावरच्या साहेबालाही ठाऊक नाही. का होतं ते अजून कुणालाच कळलेलं नाही. होतं, एवढंच पाहिलंय."

"कुणी पाहिलंय?" सरुबाईनं विचारलं.

तेव्हा अय्युबमियां पुढे झाले. "मी. माझी लेक मेहरुन. तिला टोचलं, मग देवी आलेल्या घरात तिला घेऊन मी राहिलो. त्या घरातल्या पोरांच्या अंथरुणावर निजवलं तिला. तिची आई आजही माझ्याशी धड बोलत नाही. पण मेहरुनला काही झालं नाही. अशी पुष्कळ पोरं पाहिली. काहींना सुई लागतच नाही, फोडच येत नाही, त्यांना पुन्हा टोचावं लागतं. तेही सांगतो."

"आणि कुसुमचं काढून घेतलंत तर तिच्यातलं बळ कमी होईल?"

"तिच्या दोन्ही दंडांवर फोड आहेत. एकाला मी हात लावणार नाही. दुसऱ्यातलं थोडंच घेईन."

ऊन आता समोरच्या घराच्या माथ्यावर चढलं होतं. सरुबाईनं एकदा मागे कुसुमच्या अंथरुणाकडे नजर टाकली. मग ती माझ्याकडे वळली आणि माझ्या तोंडावरच्या वणांकडे तिनं उघड उघड पाहिलं. एरवी लोक ते पाहून न पाहिल्यासारखं करतात.

"काकू, बुवा गोष्टी सांगतात. तुम्ही सांगा."

"मी काय सांगू, सरुबाई? माझी दोन गेली. एक बोलायला लागला होता. ह्यातलं मला काही कळत नाही, आणि हे पोर सुईखाली द्यायची मला भीती वाटते. पण कुंभारवेशीची भीती त्याहून मोठी आहे. एवढंच आहे माझ्यापाशी."

सरुबाईनं वासंतीच्या पदराखालच्या पोराकडे पाहिलं. मग दारातून बाजूला झाली.

"माझी लेक बाहेर येणार नाही," ती म्हणाली. "इथे देवी नाही म्हणता ना? मग तुमचं पोर आत आणा. या लिंबाखालून."

ते बरोबर होतं. देवी आलेल्या घरात तान्हं पोर कुणी नेत नाही, शत्रूचंही नाही. ह्यांनी आत्ता जे सांगितलं ते खरं असेल, तर अनंताला आत न्यायला काही हरकत नव्हती. आणि खरं नसेल, तर आम्ही तिच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलत होतो. सगळी आळी वासंतीकडे बघायला लागली. ब्राह्मणाची सून तांबटाच्या माजघरात जाणार, तिच्या तान्ह्याला मुसलमान माणूस सुई लावणार, हे उद्या कोण काय बोलेल ते सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. वासंतीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं पदर खोचला, पोराचं डोकं हातानं झाकलं आणि लिंबाखालून वाकून आत गेली.

मीही गेले. आत अंधार होता आणि ओल्या पाल्याचा वास. भैरूनं मागचं दार उघडलं तेव्हा उजेडाची एक पट्टी कुसुमच्या अंथरुणावर पडली. ती जागी होती, बोटं चोखत होती. दंडावरचा फोड खरंच मोत्यासारखा होता, मध्ये खोलगट, कडेनं तांबूस. अय्युबमियांनी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्यांचा श्वास सुटला. "नितळ आहे," ते म्हणाले.

सुईचं टोक फोडाला लागलं. एक थेंब वर आला, दवासारखा. कुसुम रडलीसुद्धा नाही. मग तीच सुई अनंताच्या दंडात गेली आणि तो मात्र असा किंचाळला की बाहेरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. वासंती रडत होती, मी रडत होते, हे दाराशी पाठ करून उभे होते. म्हातारी उंबऱ्याशी आली, क्षणभर लिंबाकडे पाहिलं आणि कडेवरच्या नातवाची बाही वर करून आत शिरली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. उजेड जाईपर्यंत अय्युबमियांचं काम चाललं.

सगळं आटोपल्यावर सरुबाई नवऱ्याला म्हणाली, "हातोडा घ्या आता. आळी उपाशी मारायचीय का?"

भैरूनं पालथा पडलेला हंडा सरळ केला. पहिला घाव त्यानं अगदी हळू मारला. देवी कोपून घरात काही कोसळतं का याची वाट बघितली. मग दुसरा मारला, जोरात. पलीकडच्या ओट्यावरून कुणीतरी साथ दिली आणि आम्ही कोपऱ्यापर्यंत पोचेतो सगळी आळी बडवायला लागली होती. कान किटले माझे. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

अनंताचा फोड धरला. दिवसागणिक वाढत गेला, ठरल्याप्रमाणे. ह्यांनी पुराणात उभं राहून स्पष्ट सांगितलं की बहिणींची गोष्ट माझी, खरी नाही, आणि कारण मला ठाऊक नाही. मंडपातली निम्मी मंडळी दुसऱ्या दिवशी आली नाहीत. ठाऊक नाही असं म्हणणाऱ्याचं पुराण कशाला ऐकायचं? ह्यांनी तेही गिळलं.

मग अनंताचा आठवा दिवस आला. पहाटे त्याला जरा कणकण होती. मी सडा घालायला बाहेर आले तर हे पाटावर चढून दाराच्या चौकटीला काहीतरी बांधत होते. कडुलिंबाची डहाळी.

"अहो," मी म्हटलं, "तुम्हाला तर ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही. "पण आपली दोघं गेली तेव्हा मी लिंब उशिरा बांधला होता."

इतकी वर्षं हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

उन्हं वर आली तेव्हा अय्युबमियां आले. त्यांच्यामागून सरुबाई, तांबट आळीतल्या तीन लेकुरवाळ्यांना घेऊन. पायरीवर ती थबकली. तिनं डहाळी पाहिली, ह्यांना पाहिलं, ह्यांच्या तोंडाकडे जरा वेळ पाहत राहिली. मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी काढणार. तिनं टाचा उंचावून गाठ सोडली आणि डहाळी ह्यांच्या हातात दिली.

"धरा, बुवा," ती म्हणाली. "उजेड आहे तोवर उरकू."

आणि बायकांना घेऊन ती आत गेली.